संहिताच नाही, मग तालीम कसली?

पत्र

ताई,

मी ३१ वर्षांची. डोंबिवलीला आईबाबांबरोबर राहते. बीकेसीतल्या एका बँकेत ऑपरेशन्सला आहे, आठवड्यातले दोन दिवस घरून काम असतं. तीन वर्षांपासून इम्प्रॉव्ह करते. प्रेक्षकांकडून एखादा शब्द घ्यायचा आणि त्यावरून तिथल्या तिथे विनोदी प्रसंग उभे करायचे, लिहिलेलं काही नाही. मी दोन टीममध्ये आहे. बुधवारी आणि शुक्रवारी वर्सोव्याला आरामनगरात तालीम, महिन्यातले तीन शनिवार शो. एका टीमचं हॉल बुकिंग आणि इन्स्टाग्रामही माझ्याकडेच आहे. तालमीहून घरी पोचायला साडेबारा, शोच्या रात्री दीड. गेल्या महिन्यात व्हिडिओ मीटिंगमध्ये कॅमेरा चालू असताना मला डुलकी लागली. 'हो, आणि' (समोरच्याचं मान्य करून त्यात आपली भर घालायची, हा इम्प्रॉव्हचा नियम) म्हणायची इतकी सवय झाली आहे की ऑफिसात कुणीही काहीही काम सांगितलं तरी तोंडातून 'नाही' निघतच नाही.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ती कुडाळकडची, बोलायला फटकळ. आधी म्हणायची, "संहिताच नाही, मग तालीम कसली करता?" परवा म्हणाली, "तुझी गंमत फक्त तिकीट काढणाऱ्यांनाच का?" तेव्हापासून डोकं चालत नाहीये. नोकरी सोडू की इम्प्रॉव्ह?

– शेवटच्या कर्जतची प्रवासी

उत्तर

प्रिय प्रवासी,

शेवटी तू जो प्रश्न विचारला आहेस त्याचं उत्तर एका ओळीत देते आणि पुढे जाते. दोन्ही सोडू नकोस. तुझ्या पत्रातला खरा प्रश्न तुझ्या आईने विचारला आहे, तोही एक नाही, दोन. मला त्या दोन्हींवर बोलायचंय. पण आधी हिशेब करू. मी अठ्ठावीस वर्षं बँकेत काढली आहेत, आकडे मांडल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही.

दोन संध्याकाळी तालीम, महिन्यातून तीन शनिवार. तालीम तीन तासांची धरली तर तिच्यासाठी वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो आणि घाटकोपर ते डोंबिवली लोकल, वर घाटकोपरच्या जिन्यावरची ती गर्दी, म्हणजे परतीचेच पावणेदोन-दोन तास. २०१४ मध्ये ती मेट्रो सुरू झाली नसती तर तू दादरला गाडी बदलत बसली असतीस आणि हे पत्र मला दोन वर्षं आधीच आलं असतं. तालमीपेक्षा तालमीचा प्रवास तुला जास्त खातोय. शिवाय हॉलवाल्याला फोन, पोस्टर, रील आणि 'अरे कोणी शेअर करा रे'. पत्रात हे तू एका वाक्यात उरकलंस. मला त्या वाक्यात रोजचा एक तास दिसतो, जेवताना हातात असलेल्या फोनचा.

तेव्हा पहिलं काम, दुसऱ्या टीममधून बाहेर पड. कुठल्या, ते मला विचारू नकोस. जिच्यात स्टेजवर तू हसवायला कमी धडपडतेस आणि तरी लोक जास्त हसतात, ती ठेव. दुसरं काम, बुकिंग आणि इन्स्टाग्राम महिनाभराची मुदत देऊन दुसऱ्याच्या हवाली कर. तुझ्याशिवाय चालणार नाही असं ते म्हणतील. चालतं. मी आमच्या बँकेच्या नाट्यमंडळाची चिटणीस होते, मलाही असंच सांगायचे. मी सोडल्यावर आठव्या दिवशी नवीन चिटणीस माझ्यापेक्षा स्वस्तात टेम्पो ठरवून आला होता.

तिसरं, तालमीची जागा. टीममधले किती जण मध्य रेल्वेवर राहतात ते मोज. मुंबईत नाटकवाल्यांची तालीम अंधेरी-वर्सोव्यातच व्हायला हवी हा एक समज आहे. तिथे ऑडिशन असतात, स्टुडिओ असतात, त्यामुळे ज्यांना त्या जगात शिरायचंय त्यांना ते सोयीचं पडतं. पण सहा-सात माणसांना उभं राहून खेळायला पंखा असलेली एक खोली पुरते. दादर-माटुंग्याला एखादा शाळेचा वर्ग किंवा मंडळाचा हॉल मिळाला तर तू साडेअकराच्या आत घरी असशील. विचारून बघ. नाहीच ऐकलं कोणी, तर आठवड्याआड तरी.

आणि ते दोन दिवस घरून काम आहे ना, त्यातला एक गुरुवारी घे. बुधवारच्या तालमीनंतर सकाळची सात-पंचावन्न पकडायचा हट्ट कशाला? शोच्या रात्री अंगात जी वीज खेळत असते ती दीड वाजता घरात शिरल्यावर लगेच विझत नाही, हे मला ठाऊक आहे. तीनपर्यंत तू छताकडे बघत 'तिथे मी हे बोलायला हवं होतं' करत असणार. म्हणून रविवार सकाळ मोकळी ठेव, वर्कशॉप लावून घेऊ नकोस. शो संपल्यावर नोट्स झाल्या की निघ. चहाच्या टपरीवरचा तो दुसरा शो महिन्यातून एकदाच, आणि त्या रात्री अंधेरीला मैत्रिणीकडे मुक्काम. एरवी रात्रीच्या गाडीला चोवीस तास महिलांसाठी असलेला डबा. तुला हे माहीत आहे, तरी मी लिहिणार. माझं वय झालंय.

आता 'हो, आणि'.

ऑफिसात 'नाही' निघत नाही याचं खापर तू इम्प्रॉव्हवर फोडलंस, ते मला पटलं नाही. या नियमाची तू अर्धवट समजूत करून घेतली आहेस, आणि तीन वर्षं खेळून. जरा रागच आला. समोरच्याने स्टेजवर येऊन म्हटलं, "कप्तान, जहाज बुडतंय, उडी मारा", तर 'हो' कशाला म्हणायचं असतं? आपण जहाजावर आहोत, मी कप्तान आहे आणि ते बुडतंय, एवढ्याला. उडी मारायलाच हवी असं कुठे आहे? "अहो, मला पोहता येत नाही, आणि चोवीस वर्षं ही गोष्ट मी कंपनीपासून लपवली आहे" असं तू म्हणालीस तर उडी न मारताही तू त्याचा शब्द उचललास. पात्राला नकार देता येतो. समोरच्याने मांडलेलं जग खोडायचं नाही, एवढाच तो नियम.

साहेबांना मार्चएंडच्या आठवड्यात काय सांगायचं ते यातच आहे. "हो, रिकन्सिलिएशन शुक्रवारपर्यंत हवंय, आणि बुधवारी मी साडेसहाला निघते, म्हणून गुरुवारी सकाळी आठला बसते." हे 'हो, आणि'च झालं. तू आत्ता जे करतेस त्यात 'आणि' कुठेच नाही, नुसतं 'हो' आहे. तुझा बुधवार तू सांगितलाच नाहीस तर तो त्यांच्या प्रसंगात येणार कसा? स्टेजवर कोणी स्वतःचं काहीच न मांडता नुसती मान डोलवत राहिलं तर तुम्ही त्याला चांगला नट म्हणता का? आमच्या वेळी अशा माणसाला आम्ही भालदार-चोपदाराचं काम देत असू.

नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करायचा विचार तुझ्या मनात कुठेतरी आहे. स्पष्ट लिहिलेलं नाहीस, पण प्रश्नात तो डोकावतो. आपल्याकडे इम्प्रॉव्हच्या तिकिटांवर घर चालवणारं माणूस मी पाहिलेलं नाही. जे यात टिकून आहेत ते सोबत कंपन्यांसाठी कार्यशाळा घेतात, लिहितात, अभिनय करतात, स्टँडअप करतात. तुला ते सगळं करायचंय का? तुझ्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. तुला बुधवारच्या त्या तीन तासांचं वेड आहे. वेड म्हणून ते उत्तम आहे, त्याला पोटापाण्याला जुंपायची घाई नको.

आणि मराठी नाटकाला हे नवीन थोडंच आहे! डॉ. मोहन आगाशे मानसोपचाराचे प्राध्यापक राहून नाटक-सिनेमा करत होते. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनाच्या विभागात नोकरी करत नाटकं लिहीत होते. डॉ. श्रीराम लागूंनी शस्त्रक्रिया सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली, तीही १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, कितीतरी वर्षं हौशी नाटकं करून झाल्यावर. ज्यांनी सोडलं ते आपल्याला ठळक आठवतात. ज्यांनी आयुष्यभर सहा-दहाची गाडी आणि सातची तालीम सांभाळली त्यांची नावं स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात असतात. मी त्या बारीक टाइपातली.

इम्प्रॉव्हचं मूळही तसंच आहे, हे तुझ्या टीममधल्या 'करिअर, करिअर' करणाऱ्याला सांग. व्हायोला स्पोलिनने हे खेळ शिकागोत रचायला घेतले ते नट घडवायला नव्हेच. ती नेव्हा बॉइड यांच्या हाताखाली शिकली, त्या हल हाउस या वस्तीकार्याच्या केंद्रात काम करायच्या. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी रोजगार योजनेत काम करताना, वेगवेगळ्या देशांतून येऊन त्या शहरात राहणाऱ्या मुलामाणसांना भाषेची अडचण न येता एकत्र खेळता यावं म्हणून तिने हे खेळ बसवले. तिच्या मुलाने, पॉल सिल्सने, आणि त्याच्या सोबत्यांनी १९५९ च्या डिसेंबरात 'सेकंड सिटी' हे विनोदी थिएटर सुरू केलं तेव्हा कुठे त्याचा मोठा धंदा झाला. म्हणजे शहरात दमलेल्या माणसांनी संध्याकाळी एकत्र येऊन खेळायचं, इथूनच ते निघालंय. तू ते बरोबरच खेळते आहेस. फक्त जरा जास्त खेळते आहेस.

आता आईंकडे येते. मला त्या फार आवडल्या.

"संहिताच नाही, मग तालीम कसली?" या प्रश्नाला तू काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस. बहुतेक "तुला नाही कळणार" असं काहीतरी. अगं, बाई कुडाळकडची आहे! तिला कळणार नाही तर कोणाला? लहानपणी जत्रेत रात्र रात्र जागून दशावतार बघितलेला असणार तिने. त्याला कुठे असते लिहिलेली संहिता? आज कुठलं आख्यान लावायचं आणि कोण काय होणार ते तोंड रंगवायच्या वेळी ठरतं, संवाद ज्याचे त्याने बोलायचे. आधी आडदशावतारात, म्हणजे आख्यानाच्या आधीच्या भागात, संकासूर येतो, वेद चोरून आणलेला, काळ्या पेहरावातला, आणि मालवणीत अशी काही फिरकी घेतो की पुढे बसलेल्या गावकऱ्यांची खैर नसते. तुम्ही प्रेक्षकांकडून 'सजेशन' घेता, तो समोर बसलेला गावच घेतो.

आणि तुझ्या तारेवरच्या कसरतीबद्दल म्हणशील, तर दशावतारी कलाकारांबद्दल तिकडे म्हणतातच, 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा'. रात्रभर दुर्योधन होऊन गर्जायचं आणि पहाट झाली की कपड्यांचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट धरायची. पावसाळ्यात खेळ बंद, तेव्हा शेतात चिखलणी. तुझा पेटारा म्हणजे लॅपटॉपची बॅग, इतकाच फरक. त्यांची जत्रांची साखळी मात्र तुझ्या कॅलेंडरपेक्षा अवघड होती. आणि ती ठरलेली होती, हेही बघ. पावसाळा आला की पेटारा बंद, मग कोणी कितीही बोलावलं तरी. तुझ्या वर्षात असा पावसाळा कुठे आहे? जून ते ऑगस्ट शो घेऊ नकोस, नुसती तालीम कर. तसंही जुलैत रुळांवर पाणी आलं की आरामनगर काय नि अमेरिका काय, डोंबिवलीहून सारखंच लांब.

आईंना खरं उत्तर द्यायचं तर असं दे, की आम्ही शब्द पाठ करत नाही, कान तयार करतो. समोरच्याने पहिल्या वाक्यात तुला 'वहिनी' म्हटलं हे ऐकायचं आणि दहा मिनिटांनी विसरायचं नाही. तो बोलायचं थांबला तर लगेच भोक बुजवायला धावायचं नाही, त्याच्या हातांकडे बघायचं. प्रसंग संपला हे बाहेर उभं असलेल्याने ओळखून समोरून पळत जाऊन तो थांबवायचा. यासाठी तालीम लागते, आणि रोज केली तरी कमीच पडते.

हे त्यांना सांगताना तुलाच जरा अवघडल्यासारखं होईल. कारण त्यांचा दुसरा प्रश्न तिथूनच निघालाय. "तुझी गंमत फक्त तिकीट काढणाऱ्यांनाच का?" मला नाही वाटत की त्या विनोद मागताहेत. ऑफिसच्या पार्टीत लोक तुला "एक जोक मार ना" म्हणत असतील तशी ती मागणी नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई दिवसभर तीन खोल्यांत वॉकर घेऊन फिरते. फिजिओथेरपीवाली येते, वाकवते, जाते. बाबा पेपर वाचतात. संध्याकाळी लेक येते, ती अनोळखी माणसाचा एकेक शब्द झेलण्यात तरबेज, आणि घरात "हं" म्हणून फोनकडे बघते. तुझं ऐकणं वर्सोव्यात संपून जातं, घरी यायला काही उरत नाही. तीन वर्षांत त्यांनी तुझा एक तरी शो बघितला आहे का? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे नसावा.

माझी एक गोष्ट सांगते. धाकट्या बहिणीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी आमच्या एकांकिकेची अंतिम फेरी होती. मी फेरीला गेले. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, आणि ते कुठल्या एकांकिकेसाठी होतं हे मला आज खात्रीने सांगता येणार नाही. बहीण एका शब्दाने बोलली नाही. फक्त अजूनही घरात कार्य निघालं की ती यादी करताना माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढते आणि हसत म्हणते, "हिचं काय, हिचा प्रयोग असेल." मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. शेवटचा प्रयोग त्याच्याही आधीचा. माझ्या नावापुढचं प्रश्नचिन्ह मात्र गेलं नाही. ती फेरी सोडायला हवी होती असं मी आजही म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिच्याकडे जाता आलं असतं, आणि मी बक्षीस समारंभाचे फोटो आणायला गेले होते.

म्हणून तुला एकच गृहपाठ. आठवड्यातून एका संध्याकाळी, मंगळवारी म्हण, फोन स्वयंपाकघरात ठेवून आईजवळ बस आणि दशावताराबद्दल विचार. कुठल्या कंपनीचा खेळ असायचा, संकासूर कोण व्हायचा, तो कोणाची टर उडवायचा, आईच्या वडिलांची उडवली होती का. तू फक्त ऐक. 'हो, आणि' वगैरे काही नको. पहिल्या मंगळवारी त्या "काय आठवत नाही बाई" म्हणतील. ते बहुधा खरं नसेल. बसून राहा.

मग दोन-तीन आठवड्यांनी तुमची ती उरलेली एक टीम रविवारी दुपारी घरी बोलाव. त्यांना सांग, तालीम डोंबिवलीला आहे. सोफा भिंतीला लावा, बाबांना पेपरासकट कोपऱ्यात बसवा, आईंना मधल्या खुर्चीत, पाय स्टुलावर. पहिला शब्द त्यांनी द्यायचा. त्यांनी मालवणीत असा काही शब्द दिला की तुमच्यातल्या निम्म्यांना कळलाच नाही, तर अर्थ विचारत बसायचं नाही, खेळायचं. आणि मध्येच त्या बोलल्या तर त्यांना थांबवू नका, ती त्यांची ॲडिशन. आमच्या काळी नटाने आयत्या वेळी घेतलेल्या वाक्याला आम्ही ॲडिशन म्हणायचो आणि दिग्दर्शक त्याबद्दल शिव्या घालायचा. तुम्हाला तर त्याचेच पैसे देतात म्हणे, थोडे का होईना.

खायला घरी काही करू नकोस, कोपऱ्यावरून वडे आण. आणि तारीख नक्की करण्याआधी त्या रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठून कुठपर्यंत आहे ते बघ, नाहीतर सगळी टीम मुलुंडलाच अडकायची.

– ताई